‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ मूळ कोणाचं, आणि बसवताना कुठलं धरायचं?

प्रश्न वसईच्या एका कॉयरमधून आला आहे. नाताळनंतरच्या कार्यक्रमात त्यांना ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ घ्यायचं आहे. ग्रुपमध्ये वाद असा, की हे बोनी एमचं डिस्को गाणं आहे, की चर्चचं जुनं भजन, की रेगे? आणि बसवताना कुठल्या रेकॉर्डिंगवर कान ठेवायचा? मी बेस गिटार वाजवतो आणि शिकवतो. हे गाणं लग्नाच्या रिसेप्शनपासून गोव्याच्या शॅकपर्यंत सगळीकडे वाजवलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वाद मिटवू. गाणं रेगे आहे, म्हणजे जमैकातल्या त्या संगीतप्रकारातलं. शब्द बायबलचे आहेत. बोनी एमचं ते नाही, पण बोनी एम नसते तर ते तुमच्यापर्यंत पोचलं नसतं.

मूळ रेकॉर्ड १९७० सालचं, जमैकातल्या किंग्स्टनचं. गाणारे ‘द मेलोडियन्स’ नावाचं त्रिकूट: ब्रेंट डो, टोनी ब्रेव्हेट आणि ट्रेव्हर मॅकनॉटन. हे तिघे साठच्या दशकात रॉकस्टेडी गाऊन नावारूपाला आलेले. रॉकस्टेडी म्हणजे स्का (जमैकातला त्याआधीचा जलद नाचाचा प्रकार) आणि रेगे यांच्यामधला, दोनतीन वर्षंच टिकलेला संथ प्रकार. त्यात वाद्यांची गर्दी कमी झाली आणि गळ्यांना जागा मिळाली, म्हणून तीन आवाजांच्या हार्मनीचे गट त्या काळात भराभर उगवले. मेलोडियन्स त्यातले अव्वल. टोनी ब्रेव्हेटचा भाऊ लॉइड ब्रेव्हेट हा ‘स्कॅटलाइट्स’ या स्का बँडचा बेसवादक होता, म्हणजे घरातच जमैकन संगीताचा पाया. (बेसवाल्याने हे सांगितलंच पाहिजे.)

निर्माता लेस्ली काँग. चिनी वंशाचा जमैकन. भावांबरोबर किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर ‘बेव्हर्लीज’ नावाचं आइस्क्रीम पार्लर आणि रेकॉर्डचं दुकान चालवायचा. तरुण गायक जिमी क्लिफ दुकानाच्या नावावर बेतलेलं गाणं घेऊन त्याच्याकडे गेला आणि काँग रेकॉर्डच्या धंद्यात शिरला, अशी ती गोष्ट आहे. बॉब मार्लीची पहिली रेकॉर्ड १९६२ मध्ये त्यानेच काढली. डेस्मंड डेकरचं ‘इझ्रायलाइट्स’ त्याचंच, जे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या रेकॉर्डवर ‘बेव्हर्लीज ऑल स्टार्स’ या नावाखाली वाजवणाऱ्या मंडळींत बेसवर जॅकी जॅक्सन, गिटारवर हक्स ब्राउन, ऑर्गनवर विन्स्टन राइट, पियानोवर ग्लॅडी अँडरसन असे लोक असायचे. पॉल सायमन ‘मदर अँड चाइल्ड रीयुनियन’ रेकॉर्ड करायला किंग्स्टनला गेला तेव्हा जॅक्सन आणि ब्राउन यांनाच त्याने सोबत घेतलं होतं. काँग मात्र १९७१ मध्ये चाळिशीही न गाठता हृदयविकाराने गेला. त्याच्या रेकॉर्डचा जो चकचकीत, हसरा आवाज आहे तो त्याच्याबरोबरच संपला. पुढे रेगे अधिक जड आणि गंभीर झालं.

आता शब्द. मराठी बायबल घरात असेल तर स्तोत्रसंहितेतलं १३७वं स्तोत्र उघडा. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास नबुखद्नेस्सराने यरुशलेम पाडलं आणि यहुदी लोकांना बंदी करून बाबेलला, म्हणजेच बॅबिलॉनला, नेलं. तिथल्या नद्यांच्या काठी बसून ते सियोनाच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीने रडतात. वीणा वाळुंजाच्या झाडांना टांगून ठेवतात. आणि ज्यांनी पकडून आणलं तेच वर म्हणतात, गाऊन दाखवा की तुमच्याकडचं एखादं गाणं! परक्या मुलखात परमेश्वराचं गीत गावं तरी कसं, हा त्या स्तोत्राचा सवाल आहे. शेवट भयंकर आहे, बाबेलच्या तान्ह्या पोरांवर सूड मागणारा. मेलोडियन्सनी तो घेतला नाही, वीणांची ओळही घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी १९व्या स्तोत्राची शेवटची ओळ जोडली: माझ्या मुखाचे शब्द आणि माझ्या मनाचं चिंतन तुला मान्य होवो. अनेक पाळक प्रवचनाला उभे राहताना हीच प्रार्थना म्हणतात. विलापाला प्रार्थनेची जोड मिळाल्यामुळे गाणं रडगाणं राहत नाही आणि सभेत सगळ्यांना तोंडात घेता येतं. ही जोडणी ज्याने केली त्याला गाणं कसं चालतं हे नेमकं कळत होतं.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना हे स्तोत्र आपलं वाटणं साहजिक होतं. अमेरिकेत गुलामीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लसने १८५२ च्या आपल्या गाजलेल्या चार जुलैच्या भाषणात याच ओळी उद्धृत केल्या. जमैकात रास्ताफारी पंथाने तर बायबलमधली सगळी भूगोलाची नावंच नव्याने लावली. १९३० मध्ये इथिओपियात रास ताफारी हा हायले सेलासी नावाने सम्राट झाला आणि जमैकातल्या गरीब वस्त्यांतल्या काही उपदेशकांनी तो देवाचा अवतार असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या लेखी सियोन म्हणजे इथिओपिया, आणि बॅबिलॉन म्हणजे गोऱ्यांची सत्ता, तिने मागे ठेवलेली नोकरशाही आणि नाक्यावरचा पोलीस. आजही जमैकात पोलिसाला बॅबिलॉन म्हणतात.

म्हणून मेलोडियन्सच्या रेकॉर्डमध्ये दोन जागा लक्ष देऊन ऐका. जिथे ‘परमेश्वराचं गीत’ यायला हवं तिथे ते ‘किंग आल्फाचं गीत’ गातात. किंग आल्फा म्हणजे सेलासी, आणि त्याची सम्राज्ञी क्वीन ओमेगा. दुसरी जागा प्रार्थनेच्या शेवटी: तिथे ‘फार आय’ हा उच्चार येतो, म्हणजे ‘ताफारी’चाच रास्तांनी घडवलेला जप. बाकी सगळं बायबल, पण या दोन ठिकाणी देव बदललाय.

सरकारला हे कळलं. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला असला तरी रास्ता लोकांकडे सरकार संशयानेच बघायचं. १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या प्रकरणात त्यांची सरसकट धरपकड आणि मारझोड झाली होती. ऑक्टोबर १९६८ मध्ये वॉल्टर रॉडनी या इतिहासाच्या प्राध्यापकाला देशात परत येऊ दिलं नाही, कारण तो वस्त्यांत जाऊन रास्तांशी बोलायचा, आणि त्यावरून किंग्स्टनमध्ये दंगल उसळली. अशा वातावरणात रेडिओवर तीन जण गोड आवाजात विचारताहेत की परक्या मुलखात किंग आल्फाचं गीत कसं गायचं. डो यांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे गाण्यावर बंदी आली. लेस्ली काँग भांडला. त्याचा मुद्दा बिनतोड होता: शब्द जवळजवळ सगळे बायबलचे आहेत, जमैकातले ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या ते म्हणत आले आहेत, तुम्ही बायबलवर बंदी घालणार का? बंदी उठली आणि तीन आठवड्यांत गाणं जमैकात पहिल्या क्रमांकावर गेलं. रास्ता श्रद्धा उघडपणे सांगणारी गाणी रेडिओवर यायला लागली त्यात या गाण्याचा मोठा वाटा आहे, असं माझं मत. मार्लीच्या ‘कॅच अ फायर’ या अल्बमला अजून तीन वर्षं होती.

जमैकाबाहेर ते पोचलं चित्रपटामुळे. पेरी हेन्झेलचा ‘द हार्डर दे कम’ १९७२ मध्ये आला, नायक जिमी क्लिफ, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेत मेलोडियन्सचं हे गाणं होतं. ती एक एलपी म्हणजे अमेरिका-युरोपातल्या संगीतवाल्यांसाठी रेगेची बाराखडी होती. टूट्स अँड द मेटल्स, डेस्मंड डेकर, स्लिकर्स सगळे एकाच जागी. नंतरच्या बहुतेक गोऱ्या गायकांनी ‘रिव्हर्स’ इथूनच उचललं असणार.

पहिलं गाजलेलं कव्हर (म्हणजे दुसऱ्याने पुन्हा गायलेली आवृत्ती) लिंडा रॉनस्टॅटचं, १९७६ च्या ‘हेस्टन डाउन द विंड’ या अल्बमवर. एक मिनिटाचंही नाही. वाद्य नाही, नुसते आवाज. कॅलिफोर्नियाच्या कंट्री-रॉक गायिकेने रेगे गाण्यातून रेगेचा ठेका पूर्ण काढून टाकला आणि तरीही गाणं उभं राहिलं. तुमच्या कॉयरसाठी मी हे पहिलं ऐकायला सांगेन, आणि का ते पुढे येईलच.

मग १९७८. बोनी एम. जर्मन निर्माता फ्रँक फारियनचा हा कारखाना. मंचावर नाचणारा बॉबी फॅरेल अरुबाचा, पण रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज स्वतः फारियनचा. खऱ्या गाणाऱ्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट, दोघीही जमैकात जन्मलेल्या आणि लहानपणी इंग्लंडला गेलेल्या. लोक बोनी एमला नकली म्हणून हिणवतात तेव्हा हे विसरतात. लिझ मिचेलच्या आवाजात जो चर्चचा ओलावा आहे तो स्टुडिओत बनवता येत नाही.

फारियनने दोन्ही रास्ता जागा पुसल्या. किंग आल्फाच्या जागी पुन्हा परमेश्वर आला. ‘फार आय’च्या जागी ‘आज रात्री इथे’ अशा अर्थाचे साधे शब्द आले. म्हणजे ब्रेंट डोने बायबलमधून काढून जे बदललं होतं ते फारियनने परत बायबलच्या जवळ नेलं, श्रद्धेपोटी नव्हे, तर डिस्कोतल्या गिऱ्हाइकाला अडखळायला नको म्हणून. जर्मनीत १७ आठवडे पहिला क्रमांक. ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिला क्रमांक, आणि मग एक गंमत झाली. गाणं यादीत खाली घसरत असताना रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि मागच्या बाजूचं ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ वाजवायला सुरुवात केली. हेही जमैकन पोरांचं फेर धरून खेळायचं गाणं. रेकॉर्ड पुन्हा चढत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ब्रिटनमध्ये वीस लाखांहून जास्त प्रती खपलेल्या मोजक्या सिंगल्समध्ये ती आहे. अमेरिकेत मात्र ३०व्या क्रमांकापर्यंतच मजल गेली, आणि तरी तेच बोनी एमचं तिथलं सर्वांत मोठं यश.

सुरुवातीच्या काही प्रतींवर गीत-संगीतकार म्हणून फारियन आणि त्याचा सहकारी रेयाम एवढीच नावं होती. डो आणि मॅकनॉटन यांची नावं नंतर आली. हा प्रकार एकट्या फारियनचा नाही. त्या काळात किंग्स्टनमध्ये गायकाला रेकॉर्डिंगचे थोडे पैसे रोख देऊन मोकळं करायची पद्धत होती आणि जमैकाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा १९९३ मध्ये आला. त्यात शब्द बायबलचे, म्हणजे कोणाचेच नाहीत. मग उरते चाल, हार्मनी आणि त्या दोन स्तोत्रांची सांधेजोड. माझ्या हिशेबी तेच खरं काम होतं, आणि ते मेलोडियन्सचं होतं.

याच फारियनच्या हाताखालून ‘इरप्शन’ या गटाचं ‘वन वे तिकीट’ निघालं. त्याची चाल १९८० च्या ‘प्यारा दुश्मन’मध्ये बप्पी लाहिरींनी ‘हरी ओम हरी’ म्हणून घेतली आणि उषा उथुप यांनी गायली. तेव्हा मुंबईच्या कानाला हा आवाज परका नव्हताच. ‘रिव्हर्स’ आपल्याकडे लोकांना डिस्को वाटतं ते यामुळे.

त्यानंतरची कव्हर्स ढिगाने आहेत, सगळ्यांत वेळ घालवू नका. जर्मनीत १९७८ मध्येच ब्रूस लोने याच चालीवर बाबेलच्या बुरुजाची कथा गायली, म्हणजे गाव तेच ठेवून गोष्टच बदलली. सब्लाइम या कॅलिफोर्नियाच्या बँडने १९९२ च्या ‘फोर्टी औन्स टू फ्रीडम’वर ते गिटारवर साधेपणाने घेतलं. स्टीव्ह अर्लने १९९५ मध्ये ‘ट्रेन अ कमिंग’वर, सोबत एमिलू हॅरिस. शिनेड ओकॉनरने २००७ च्या ‘थिऑलॉजी’वर एकदा नुसत्या गिटारसाथीने आणि एकदा पूर्ण बँडसह, असं दोनदा केलं. तिने दोनच वर्षं आधी किंग्स्टनला जाऊन स्लाय आणि रॉबी या जमैकन ड्रम-बेसच्या जोडीसोबत अख्खा रेगे अल्बम केला होता, त्यामुळे तिला हे पाणी ठाऊक होतं. आणि हो, डॉन मॅक्लीनच्या ‘अमेरिकन पाय’ अल्बमवरचं ‘बॅबिलॉन’ याच स्तोत्राचं असलं तरी ती चाल वेगळी, अठराव्या शतकातली. तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी त्यालाच मूळ म्हणत असेल, तर ते नव्हे.

ही सगळी रेकॉर्डिंग्ज एकापाठोपाठ लावली की एक गोष्ट ऐकू येते. ठेका प्रत्येकाने बदलला, काहींनी काढूनच टाकला. शब्द बदलले. भाषासुद्धा बदलली. न बदललेली गोष्ट म्हणजे आवाजांची ती हार्मनी. गाण्याचा कणा तिथे आहे. म्हणूनच रॉनस्टॅटचं ते वाद्यांशिवायचं छोटं रेकॉर्डिंग उभं राहतं, आणि म्हणूनच कॉयरला हे गाणं झेपतं.

तर बसवायचं कसं? कॉर्ड्स तीनच आहेत, षड्ज, मध्यम आणि पंचमाच्या. त्यात डोकं घालू नका. आधी आठ दिवस वाद्यांना हात लावू नका. मुख्य चाल मधल्या आवाजाला द्या, वरचा तिसरा सूर (थर्ड) मुलींना, खालचा आवाज पुरुषांना. मेलोडियन्समध्ये तिघेही पुरुष आहेत आणि आवाज एकमेकांना चिकटून चालतात, बोनी एममध्ये कोरस पसरट आहे. तुमच्याकडे पंधरा-वीस जण असतील तर आवाज आपोआप बोनी एमकडे झुकेल. तो आवरायचा असेल तर कडव्यात फक्त तिघांना गाऊ द्या आणि सगळ्यांना ध्रुवपदातच आणा.

मग ठेका. इथे आपल्याकडचे ढोलकी-तबलेवाले हमखास अडतात. आठ मात्रांचा केरवा डोळ्यांसमोर आणा. समेला वजन, पाचवीला खाली. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकं उलटं असतं: चार ठोके मोजले तर पहिला ठोका रिकामा आणि ड्रमचा भार तिसऱ्यावर, म्हणजे केरव्याची जिथे खाली तिथे. आपला वादक समेवर थाप दिल्याशिवाय राहत नाही, आणि ती पडली की रेगे तिथेच संपतं. तबलेवाल्याला सांगा, सम मनात धर, हाताने वाजवू नकोस. १९७० च्या मूळ रेकॉर्डमध्ये ठेका पुढच्या वर्षांतल्याइतका कडक नाही, जरा उड्या मारणारा आहे, पण वजन कुठे टाळायचं हे शिकायला ही कसरत हवीच.

गिटारने ठोक्यांच्या मधल्या जागी छोटे, लगेच दाबलेले फटके द्यायचे. तार वाजत राहता कामा नये. कीबोर्डवाला ऑर्गनचा आवाज लावून त्याच मधल्या जागा दोन्ही हातांनी भरेल. त्याला स्ट्रिंग्जचा आवाज लावू देऊ नका, तो लावल्याशिवाय राहणार नाही हे मला माहीत आहे. बेस मात्र भरपूर वाजवू द्या, आणि विश्रांतीच्या जागा सोडू द्या. नवा बेसवादक प्रत्येक ठोक्यावर सूर लावतो. रेगेत बेस स्वतःचं एक वाक्य म्हणतो, थांबतो, पुन्हा तेच म्हणतो. मूळ रेकॉर्ड हेडफोन लावून फक्त बेससाठी ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही आणि मग लोक म्हणतात, रेगे पातळ आहे.

लय बोनी एमची धरलीत तर लोक टाळ्या धरतील, मूळची धरलीत तर डोलतील. कार्यक्रम कुठल्या जागी आहे त्यावर ठरवा.

राहिला शब्दांचा प्रश्न, कारण तुमचा कार्यक्रम चर्चच्या आवारात आहे. किंग आल्फा म्हणायचं की परमेश्वर? कार्यक्रम प्रार्थनेचा भाग असेल तर बोनी एमचे शब्द घ्या, ते स्तोत्राला धरून आहेत आणि फादरांना समजावत बसावं लागणार नाही. नुसता गाण्यांचा कार्यक्रम असेल तर मी मेलोडियन्सचे शब्द घेईन आणि सुरू करण्याआधी दोन वाक्यांत सांगेन की हे कोणी, कुठे आणि काय धोका पत्करून गायलं होतं. दोन्हींची भेसळ मात्र करू नका. इंटरनेटवरच्या गीतांच्या पानांवर मेलोडियन्सचं कडवं आणि बोनी एमचा शेवट असं सर्रास चिकटवलेलं असतं, आणि अर्धी कॉयर एक गाते, अर्धी दुसरं. कागद वाटण्याआधी एकाने रेकॉर्ड लावून ओळ न ओळ तपासून घ्या.